दार, खिडकी, भिंत, छत्री

"असले प्रश्न काढणाऱ्याला एकदा माझ्यासमोर आणून बसवा," शेजारची बाई पुटपुटली, "कणीक तिंबतात तसं तिंबून काढते की नाही बघा."

आत्यानं हातातल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं. ते आधीच घट्ट होतं.

शाळेच्या व्हरांड्यातला बाक पोरांच्या मापाचा होता. त्यावर बसलं की मोठ्या माणसाचे गुडघे हनुवटीशी यायचे आणि शेजाऱ्याचं कोपर आपल्या बरगडीत. शेजारच्या बाईच्या कोपराच्या घडीत पीठ होतं आणि अंगाला ताज्या पावाचा वास. कोपऱ्यावरच्या बेकरीतली ही बाई. पहाटे चारपासून भट्टीसमोर उभी राहून आता तशीच इथं आली असणार. तिची मुलगी समोरच्या भिंतीला टेकून उभी होती, आणि तिच्या शेजारी, एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून बगळ्यासारखी, मुंगी.

मुंगी म्हणजे आत्याची भाची. नऊ वर्षांची. घरात सगळ्यांत लहान आणि सारखी काहीतरी ओढून नेणारी, म्हणून मुंगी. पाचवीसाठी या शाळेत तीस जागा होत्या, आणि फलकावर लावलेल्या यादीत मुंगी तिसावी होती. तिच्याखाली एक जाड रेघ. रेघेखाली, प्रतीक्षायादीत पहिली, बेकरीवाल्या बाईंची लेक. मध्ये एका गुणाचा फरक.

"एक गुण, ताई!" बेकरीवाली आता उघड आत्याकडे वळली. "पेपर दाखवला त्यांनी. दहा मिनिटं बघा म्हणे, न्यायचा नाही, फोटो काढायचा नाही. मी प्रश्न उतरवून आणलाय. वाचा तुम्हीच. चष्मा आहे तुम्हाला."

चष्मा असणं हे अकलेचं सर्टिफिकेट असल्यासारखं ती म्हणाली आणि पावाची एक रिकामी कागदी पिशवी आत्याच्या मांडीवर ठेवली. पिशवीवर तुपकट डागांमधून वाट काढत पेन्सिलीनं लिहिलं होतं: वेगळा शब्द ओळखा. दार, खिडकी, भिंत, छत्री.

आत्यानं ते वाचलं. वाचायची गरज नव्हती. आपलं पोर दुसऱ्याच्या कपड्यात असलं तरी ओळखू येतं, तसा हा प्रश्न तिला ओळखू आला.

"माझ्या पोरीनं लिहिलं भिंत," बेकरीवाली म्हणाली. "दार उघडतं, खिडकी उघडते, छत्री उघडते. भिंत कधी उघडलीय का कुणाची? तर म्हणे चूक. उत्तर काय, तर छत्री! बाकीची तीन घराची अंगं आहेत म्हणे. अहो, मग आमची छत्री काय रस्त्यावर राहते?"

"हं," आत्या म्हणाली.

"तुम्ही सांगा. काय चुकलं हिचं?"

आत्यानं चष्मा काढून पदराला पुसला. चष्मा पुसला की निदान तेवढा वेळ समोरचं माणूस धूसर दिसतं.

आता या आत्याचा उद्योग काय, तर हाच. गेली बावीस वर्षं ती एका प्रकाशनाच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीला पाठ करून, वेगळे शब्द काढत होती. प्रकाशन मुलांच्या सरावाची पुस्तकं छापायचं आणि शाळांना प्रवेशपरीक्षेचे तयार पेपरही पुरवायचं. बुद्धिमत्ता विभाग म्हणजे आत्या, एक टेबल, आणि कार्डांनी भरलेले चपलांचे दोन खोके. कॉलेजचं तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं. सुरुवातीला ती तिथं पत्ते लिहायला लागली होती. एकदा पत्ते लिहिता लिहिता तिनं छापायला निघालेल्या पुस्तकातली सात उत्तरं चुकीची म्हणून दाखवली, तेव्हा मालकांनी तिची खुर्ची आतल्या खोलीत नेली.

कामाची रीत ठरलेली होती. लोकांना वाटतं, चार शब्द मांडायचे आणि त्यातला वेगळा हुडकायचा. तसं नसतं. आधी वेगळा ठरवायचा, आणि मग त्याला वेगळा पाडायला तीन जण गोळा करायचे. नवीन माणसाला ती हे सांगायची तेव्हा हसून सांगायची. अलीकडे हसायची नाही. मग ते कार्ड दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि सांगायचं, मोडून दाखव. दुसरं उत्तर निघालं, तर कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं टिंब द्यायचं. टिंबाचं कार्ड टोपलीत. दया नाही, माया नाही, चर्चा नाही.

प्रश्न मोडायला पूर्वी एक तपासनीसकाका होते. जगावर रुसलेला माणूस, पण प्रश्न असे मोडायचा की बघत राहावं. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मालकांनी कुंडी ठेवली. मग कार्डं मोडणार कोण? आत्या ती पिशवीतून घरी आणू लागली.

घरात भाऊ, भावजय, मुंगी आणि ती. भावजय पहिल्यापासून म्हणत आली होती, वन्सं, तुम्ही हिला शिकवा. आत्या म्हणत आली होती, मी काढलेलं मीच शिकवायचं हे नियमात बसत नाही. "घरात डॉक्टर आणि पोराला औषध शेजाऱ्यांकडून," असं म्हणून भावजयीनं मुंगीला कोपऱ्यावरच्या क्लासला घातलं होतं. आत्यानं नियम पाळला. एक अक्षर शिकवलं नाही. फक्त जेवताना कार्डं बाहेर काढायची आणि विचारायची, आणि त्यात तिला कधी काही वाटलंच नाही, कारण ते शिकवणं नव्हतं. ते तिचं ऑफिसचं काम होतं.

"कावळा, विमान, पतंग, होडी."

"कावळा," मुंगी घास गिळायच्या आत सांगायची.

"का गं? होडी उडत नाही."

"पण कावळा एकटाच स्वतः ठरवून जातो. बाकीच्यांना कुणीतरी नेतं."

टिंब.

"चमचा, काटा, सुरी, ताट."

"सुरी. बाकीच्यांना हात लावला तर आई ओरडत नाही."

टिंब.

"काकडी, गाजर, मुळा, बटाटा," असं म्हटलं की भाऊ मध्येच तोंड घालायचा. भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर दोन मजल्यांच्या मध्ये लटकून आल्यामुळे घरी आला की त्याला गप्पांची भारी हौस. "बटाटा," तो म्हणायचा. "कच्चा खाऊन दाखव." आत्याचं उत्तर काकडी असायचं, जमिनीखाली न येणारी. टिंब. कधी कधी आठवड्याच्या वीस कार्डांपैकी चौदा टोपलीत जायची आणि आत्याला नवी चौदा काढावी लागायची. ती करवादायची, पण मनातून खूष असायची. तपासनीसकाकांनी पोरीचा हा हात पाहिला असता तर त्यांनाही बरं वाटलं असतं.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. ऑफिसात ओली छत्री कोपऱ्यात निथळत होती. तिच्याकडे बघून आत्यानं कार्डावर वेगळा शब्द लिहिला, छत्री, आणि खोलीत जे दिसलं ते तीन शब्द तिच्याभोवती उभे केले. घरी मुंगीनं तो प्रश्न चमचाभर आमटी संपायच्या आत मोडला. "भिंत. बाकीची उघडतात." आत्यानं टिंब दिलं.

पण साठ कार्डं शुक्रवारी बारापर्यंत हवी होती, आणि शुक्रवारी पावणेबाराला ती एकोणसाठ होती. मालक दारात उभे राहून घड्याळाकडे नाही, आत्याकडे बघत होते. आत्यानं टोपलीतलं सगळ्यात वरचं कार्ड काढलं, रबर घेतलं आणि टिंब खोडलं. पेन्सिल खोडली तरी कागदावर बारीक खळगा राहतो. बोट फिरवलं तर लागतो. मालकांनी बोट फिरवलं नाही.

एवढंच. बावीस वर्षांत एकदा.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी मुंगी जेवायला बसता बसता म्हणाली होती, "आत्या, तुझा एक आला होता! छत्रीवाला!"

त्यावर भाऊ म्हणाला, "जरा मीठ दे गं."

मीठ त्याच्या ताटाशेजारीच होतं. भावजयीनं ते उचलून पुन्हा तिथंच ठेवलं. आत्या म्हणाली, भात गार होतोय. मुंगीनं तिघांकडे बघितलं, आणि ती हुशार पोर होती, तीही भात जेवली. तेव्हापासून महिनाभर त्या घरात दर दोन दिवसांनी कुणाला तरी मीठ लागत होतं. यादी लागली त्या दिवशी भावजयीनं मुंगीला पोटाशी धरून असं रडून घेतलं की आत्याला स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी विसळावी लागली. मुंगीची जुनी शाळा चौथीपर्यंतच होती. ही मिळाली नसती तर पुढची शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. भावजय रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत दिवसभर नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवायची; सकाळच्या पाळीसाठी तिनं दोन वर्षं साहेबांच्या नाकदुऱ्या काढल्या होत्या, केवळ मुंगीच्या अभ्यासासाठी. तिला काय म्हणायचं? आणि कोणत्या तोंडानं?

"ताई?" बेकरीवाली म्हणाली. "विचारलं मी काहीतरी."

"हो ना," आत्या म्हणाली. "बघा ना." याला उत्तर म्हणतात का, असं तिलाच वाटलं.

समोर पोरींची ओळख झाली होती. भिंतीला टेकलेल्या बेकरीच्या पोरीनं विचारलं, "तू काय लिहिलंस?"

"छत्री," मुंगी म्हणाली.

"का?"

मुंगीनं आत्याकडे बघितलं. "असंच."

"पण भिंत उघडत नाही."

"माहितीये."

"माहितीये? मग छत्री कशाला लिहिलंस?"

"मुंगे, इकडे ये, पाणी पी," आत्या म्हणाली.

मुंगी आली. बाटली तोंडाला लावल्यासारखं केलं, एक थेंबही न पिता. मग आत्याच्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "भिंतीमुळंच तू ते कार्ड टोपलीत टाकलं होतंस ना?"

"हळू बोल."

"हळूच बोलतेय."

"आणखी हळू." आत्यानं तिची विस्कटलेली बट कानामागे सारली आणि जे महिनाभर विचारायचं टाळलं होतं ते विचारून बसली. "तुला माहीत होतं ना भिंत? मग तू का गं छत्री लिहिलंस?"

मुंगीला प्रश्न सोपा वाटला असावा. "पेपरात आला म्हणजे तू परत टोपलीतून काढला असशील. मला वाटलं, तू नीट विचार करून बदललं असशील. म्हणून."

आत्यानं बाटलीचं झाकण लावायला घेतलं. ते तिच्या हातून निसटून बाकाखाली गेलं आणि बेकरीवालीनं वाकून ते शोधून दिलं. "तुमचा जीव कुठंय, ताई?" ती म्हणाली. "तुमचं तर झालंय सगळं. तुम्ही गणवेशाच्या मापाला आलात ना? आम्हीच लटकलोय." त्यात कडवटपणा नव्हता, हेच जड गेलं. चिडली असती तर आत्याला तिच्यावर चिडता आलं असतं.

तशी आत्या चिडलेलीच होती. मालकांवर, कुंडीवर, शुक्रवारावर. असले खेळ करून नऊ वर्षांच्या पोरांना रेघेच्या वर आणि खाली बसवणाऱ्या या शाळेवर. नियम पाळला म्हणून महिनाभर आपली पाठ थोपटत राहिलेल्या स्वतःवर तर फारच. तिच्या मांडीवर, पावाच्या पिशवीखाली, तिची स्वतःची कापडी पिशवी होती, आणि तिच्यातून डोकावत होता तिनंच भरलेला मुंगीचा प्रवेशअर्ज. अर्जाच्या शेवटी बारीक टाइपात छापलं होतं: परीक्षेतील कोणताही प्रश्न विद्यार्थ्याने परीक्षेपूर्वी पाहिलेला नाही, पाहिल्याचे आढळल्यास प्रवेश रद्द होईल. खाली पालकाची सही. भावजयीनं ती काल संध्याकाळी केली होती. सही करताना पेन अडकलं, तिनं ते झटकलं, शाईचा एक ठिपका ओट्यावर पडला, आणि तिनं तो लगेच, सहीच्याही आधी, पुसून घेतला. आत्या समोरच होती. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

शिपाईमामांनी दारातून हाक मारली. "तक्रारवाले आणि प्रवेशवाले, दोन्ही आत या. टेबल एकच आहे. एक वाजता बंद."

परीक्षेच्या बाई टेबलामागे बसल्या होत्या. चेहऱ्यावर सकाळपासून पन्नास आयांचं ऐकून आलेला दमलेला चांगुलपणा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला एक शिंपीणबाई गळ्यात टेप घालून मुलांची मापं घेत होती, आणि आकडे मोठ्यानं सांगत होती, जणू लिलाव चाललाय.

"अर्ज?" बाईंनी आत्यापुढे हात केला.

"जन्मदाखल्याची प्रत राहिलीय. हिची आई घेऊन येतेय. निघालीय कामावरून."

"येऊ देत. तोवर माप देऊन टाका. आणि तुमची तक्रार?" बाई बेकरीवालीकडे वळल्या. "या वहीत लिहा. रकाने भरा सगळे."

बेकरीवालीनं वही ओढली, पेन धरलं आणि थांबली. रकाने पाच होते. पहिल्याच रकान्यावर तिनं दोनदा पेन टेकवलं आणि उचललं. मग वही सरळ आत्यापुढे सरकवली. "तुम्हीच लिहा, ताई. मघाशी बघितलं मी, अर्जावर कसं मोत्यासारखं अक्षर आहे. माझं लिहिलेलं हे वाचणारही नाहीत. मी सांगते, तुम्ही लिहा."

"मी?"

"मग काय, शिंपीणबाई?"

मुंगीच्या छातीभोवती तेवढ्यात टेप गुंडाळली गेली होती. "बावीस!" शिंपीणबाईनं पुकारलं. मुंगी हात पसरून उभी होती आणि टेपच्या वरून आत्याकडे बघत होती.

आत्यानं पावाची पिशवी टेबलावर ठेवली आणि पेन घेतलं. बेकरीवाली सांगू लागली, म्हणजे भांडू लागली, आणि आत्या त्यातलं भांडण गाळून लिहू लागली. हात आपोआप चालला. बावीस वर्षं दुसरं केलंय काय? प्रश्न क्रमांक सव्वीस. दिलेल्या चार शब्दांतून दोन उत्तरे निघतात. पहिल्या निकषानुसार दार, खिडकी व भिंत हे घराचे भाग असल्याने छत्री वेगळी ठरते. दुसऱ्या निकषानुसार दार, खिडकी व छत्री या उघडणाऱ्या वस्तू असल्याने भिंत वेगळी ठरते. दोन्ही निकष समान बळाचे असून प्रश्नात निवडीसाठी कोणताही आधार दिलेला नाही. सबब प्रश्न सदोष आहे.

शेवटचा शब्द लिहून तिनं पूर्णविराम दिला. तिच्या डोळ्यांना तो टिंबासारखाच दिसला.

"बाई गं," बेकरीवाली वाकून बघत म्हणाली. "मी एवढं बोलले होय?"

बाईंनी वही वळवून वाचलं. दोनदा वाचलं. "फार मुद्देसूद लिहिलंय," त्या म्हणाल्या, आणि आत्याकडे नीट बघितलं. "शेवटचा रकाना राहिलाय पण. प्रश्न कोणी काढला, माहीत असल्यास."

"ते यांना कसं माहीत असणार?" बेकरीवाली म्हणाली.

"नसेल तर राहू देत. कुणीच भरत नाही तो."

दारात भावजय आली. एप्रन काढायचा राहिला होता, खिशाला प्रयोगशाळेची चिठ्ठी चिकटलेली, हातात गुंडाळी केलेला कागद. "उशीर झाला का? बसच मिळेना," असं म्हणत ती थेट टेबलाशी आली. मग तिनं वही बघितली. वहीतलं अक्षर बघितलं. नळ्यांवरची बारीक अक्षरं दिवसभर वाचणारी बाई ती. उलटी असली तरी तिनं ओळ वाचली असणार. तिचा चेहरा बदलला नाही. ती मागं सरकली, मुंगीपाशी गेली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"उंची राहिलीय अजून, हलवू नका," शिंपीणबाई म्हणाली.

आत्यानं अर्ज टेबलावर ठेवला. दुसरं काय करणार होती? बाईंनी त्याला जन्मदाखला जोडला, टाचणी मारली, पानं उलटली. "सही आहे. प्रतिज्ञेखाली आहे. छान." शिक्का उचलून त्यांनी शाईच्या डबीवर टेकवला. मग, हातात शिक्का तसाच धरून, बेकरीवालीला समजावण्याच्या सुरात म्हणाल्या, "हे बघा, तुमची तक्रार मी वर पाठवते. पण खोटी आशा लावत नाही. उत्तरसूचीत छत्री आहे. आता तुमच्या मुलीला भिंत सुचली, कल्पना चांगली आहे, नाही म्हणत नाही मी. पण..."

"पण काय?" बेकरीवाली म्हणाली. "चांगली आहे तर गुण द्या."

"तसे देता येत नाहीत. हे प्रश्न आम्ही काढत नाही. जाणकार काढतात, मग तपासले जातात, मुद्दाम मोडून बघतात म्हणे. अहो, दुसरं उत्तर निघत असतं, तर कुणाच्या तरी आधीच लक्षात आलं असतं की!"

बेकरीवालीनं आपल्या लेकीकडे बघितलं. पोरीनं मान खाली घातली होती आणि बुटाचं टोक फरशीच्या भेगेतून सरळ रेषेत चालवत होती, अगदी सावकाश, जणू त्यालाही कुणी गुण देणार होतं. "चल," बेकरीवाली म्हणाली. "भट्टी थांबलीय." तिनं टेबलावरची पावाची पिशवी उचलली, घडी घातली, पुन्हा एक घडी घातली.

"एकोणपन्नास!" शिंपीणबाईनं पुकारलं.

मुंगीनं तोंड उघडलं. भावजयीची बोटं तिच्या खांद्यावर किंचित रुतली, दुखावं इतकी नाही, आणि मुंगीनं तोंड मिटलं. मिटलेलं ते तोंड आत्यानं बघितलं. महिनाभर ते असंच मिटलेलं होतं, नाही का? जेवताना कार्ड काढलं तर हल्ली मुंगी पहिलं, सरळ, छापील उत्तर द्यायची आणि खाली मान घालून जेवायची. आत्याला वाटत होतं, पोर शहाणी झाली. टोपली महिनाभर रिकामी होती.

"आलं होतं," आत्या म्हणाली.

शिक्का कागदापासून दोन बोटं वर थांबला. "काय आलं होतं?"

"ताई," भावजय हळूच म्हणाली. बारा वर्षं ती वन्सं म्हणत आली होती. ताई ती क्वचित म्हणायची, काही मागायचं असलं की.

आत्यानं तिच्याकडे बघितलं, महिनाभरानं पहिल्यांदा, सरळ. भावजयीच्या डोळ्यांत राग असेल म्हणून तिनं मन घट्ट केलं होतं. राग नव्हता. माणूस फार वेळ जड काही धरून उभं असलं की दिसतो तसा नुसता थकवा होता. मुंगीच्या खांद्यावरचा हात तसाच होता, पण बोटं सैल पडली होती.

"लक्षात आलं होतं," आत्या म्हणाली. तिनं वही आपल्याकडे वळवली, शेवटच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं आणि बेकरीवालीकडे बघून, बाईंना उद्देशून म्हणाली, "इथं माझं नाव येईल. प्रश्न माझा आहे. आणि आमच्या या मुलीनं तो परीक्षेच्या कितीतरी आधी, घरी जेवताना पाहिला होता."